‘सामना’ला सहा आणि ‘कोर्ट’ला नऊ? मंडळासाठी सहा चित्रपट निवडायचे तरी कसे?

वाघबीळवाली

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत चित्रपट मंडळ सुरू होतंय. डिसेंबर ते मे, महिन्याला एक, असे सहा मराठी चित्रपट दाखवायचे आहेत. त्यातले निम्मे १९९० च्या आधीचे हवेत एवढीच अट. सभासदांकडून दहापैकी गुण मागवले आणि तिथेच घोळ झाला. ‘संत तुकाराम’ तळाला, ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ मधल्या गर्दीत, वरच्या सगळ्या जागा २०१० नंतरच्या चित्रपटांना. तरुणांचं म्हणणं, जुने चित्रपट संथ आहेत. ज्येष्ठांचं म्हणणं, तुम्हाला बघायची सवय नाही. जुने चित्रपट बहुतेकांनी यूट्यूबवर किंवा टीव्हीवर पाहिलेत, नवे थिएटरात.

यादी कशी ठरवावी? गुण मोजण्याची काही धड पद्धत आहे का? आणि दाखवताना काय सांभाळायचं? सामान असं: फुल एचडी प्रोजेक्टर (३००० ल्युमेन), १२० इंची पडदा, लॅपटॉप, दोन स्पीकर. क्लबहाऊसमध्ये चाळीस खुर्च्या मावतात. गच्चीही मिळू शकते.

रीळ नंबर ७

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. जुने टीव्हीवर, नवे थिएटरात. हे गुण चित्रपटांना नाहीत, प्रतींना पडलेत.

‘संत तुकाराम’ १९३६ चा. त्या काळच्या बोलपटाची चौकट उंचीच्या १.३७ पट रुंद असते, आजच्या टीव्हीची १.७८ पट. हा फरक लोक दोन तऱ्हांनी बुजवतात. एक तर चित्र आडवं ताणतात, म्हणजे प्रत्येक माणूस तीस टक्के जाड होतो आणि विष्णुपंत पागनीसांचा तो हलका, तरंगता तुकाराम पैलवान दिसायला लागतो. नाहीतर वरून-खालून कापतात, म्हणजे जवळजवळ पाव चित्र गेलं. गौरीबाईंची आवली आठवा. ती नुसती तोंडाने भांडत नाही, अख्ख्या अंगाने भांडते. पाय कापले की उरतो तो फक्त आरडाओरडा, आणि मग लोक म्हणतात अभिनय भडक आहे.

तपासायची सोपी रीत: गोल वस्तू पुढून दिसते असं दृश्य थांबवा. गाडीचं चाक, टाळ, काहीही. पडद्यावर पट्टीने रुंदी आणि उंची मोजा. सारखी नसली तर चित्र ताणलेलं आहे. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ए’ दाबत गेलात की चौकट बदलते, ४:३ वर थांबा. १.३७ आणि १.३३ मधला फरक डोळ्याला कळत नाही. पण वरून-खालून कापलेल्या प्रतीला इलाज नाही. दुसरी प्रत शोधा.

दुसरा रोग वेगाचा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा. आपल्याकडच्या टीव्हीसाठी आणि जुन्या व्हीसीडी-डीव्हीडीसाठी तो बऱ्याचदा सरळ २५ ने पळवला जायचा. म्हणजे चार टक्के घाई: १३१ मिनिटांचा ‘संत तुकाराम’ १२६ मिनिटांत आटोपतो. आवाजही चढतो, अर्ध्या सुराला थोडा कमी. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या उंबरठ्यावर जाऊन बसतं. ‘आधी बीज एकले’ ज्यांना चिरकं वाटतं त्यांनी आधी हे बघावं. (जाता जाता: ते तुकोबांचं नाही, शांताराम आठवल्यांचं आहे. इतकं बेमालूम की अजून लोक अभंग म्हणून गातात.)

यावर उपाय म्हणजे व्हीएलसीचा वेग ०.९६ करणं. पण सेटिंगमध्ये आवाजाखाली ‘टाइम-स्ट्रेचिंग’ची खूण असते ती काढा. नाहीतर वेग उतरतो, सूर चढाच राहतो. आणि लांबी कमी असूनही सूर बरोबर असला, तर प्रकरण वेगाचं नाही, कात्रीचं आहे. मधली दृश्यं गेलीत.

माणूस हलला की कडांना दातेरी आडव्या रेघा दिसत असतील तर ‘डी’ दाबा, डीइंटरलेस सुरू होतं.

काळ्या-पांढऱ्या चित्रपटासाठी प्रोजेक्टर ‘सिनेमा’ मोडवर ठेवा. ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’मध्ये पांढरा निळसर होतो. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर यांची एचडीएमआय रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पातळ्यांची मोजणी) जुळवा, दोन्हीकडे ‘लिमिटेड’ किंवा दोन्हीकडे ‘फुल’. लॅपटॉप ‘फुल’ पाठवतोय आणि प्रोजेक्टर ‘लिमिटेड’ समजतोय, असं झालं तर काळ्या भागातला तपशील बुडतो. उलट झालं तर काळ्याचा राखाडी होतो. ‘सिंहासन’मधले अंधारे जिने, गाड्यांमधले चेहरे या एका चुकीत गडप होतात.

नेरूळचा नाना

प्रिंटचं सगळं मान्य, पण सगळं पाप तिच्या माथी मारू नका राव. ‘सिंहासन’ स्वच्छ प्रतीतही नव्या माणसाला जड जातो. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’, एका पटकथेत बसवल्या आहेत. मुख्यमंत्री, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार नेता डिकास्टा, मधूनमधून सगळीकडे फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस, शिवाय तस्करांचा धागा. पटकथाकार विजय तेंडुलकर कुणाची ओळख करून देत थांबत नाहीत. १९७९ च्या प्रेक्षकाला त्याची गरजही नव्हती, कारण रोजच्या पेपरात तो हेच वाचत होता. आजच्या पंचविशीतल्याला अर्धा तास नावंच लागत नाहीत. हा चित्रपटाचा दोष नसेल, पण बघणाऱ्याची अडचण खरी आहे. दाखवणार असाल तर अर्ध्या पानावर ‘कोण कुणाचा कोण’ छापून द्या.

‘सामना’चं तसं नाही. दोन माणसं, एक गाव, एक प्रश्न. मारुती कांबळेचं काय झालं? डॉ. लागूंचा दारूडा मास्तर हे विचारत राहतो आणि निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील त्याला पाहुण्यासारखा सांभाळत राहतो. धमकी नाही, उलट आदरातिथ्य. सत्तेचा हा पाहुणचारी चेहरा मराठी पडद्यावर इतक्या थंडपणे त्याआधी आला नव्हता, आणि नंतरही फारसा नाही असं माझं मत. हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. माझ्या लेखी जब्बार पटेलांचा सर्वोत्तम हाच, ‘सिंहासन’ दुसरा, ‘उंबरठा’ तिसरा. ‘जैत रे जैत’ हा गाण्यांचा चित्रपट. गाणी दहापैकी दहा, बाकीचं सात.

मुळात गुणांची उतरंड लावताच कशाला? जोड्या लावा, एका महिन्यात जुना आणि पुढच्या महिन्यात त्याला उत्तर देणारा नवा. ‘सामना’नंतर ‘कोर्ट’ ठेवा. दोन्हींच्या मुळाशी एका कष्टकऱ्याचा मृत्यू आहे. तिकडे मारुती कांबळे, इकडे गटारात उतरलेला सफाई कामगार. तिकडे प्रश्न विचारणारा मास्तर पाहुणा, इकडे गाणारा शाहीर आरोपी, आणि त्याचंही आडनाव कांबळे. एका ठिकाणी सत्ता बैठकीत पाय पसरून बसते, दुसऱ्या ठिकाणी ती पुढची तारीख देते. चाळीस वर्षांत काय बदललं यावर तासभर बोलता येईल.

फ्रेमबाज

जोड्यांना +१. मग ‘संत तुकाराम’पुढे ‘देऊळ’ (२०११). विठोबावर वहाण उगारणारी आवली एकीकडे, आणि दत्ताचा साक्षात्कार झाला म्हणणाऱ्या केश्यावर अख्खं दुकान मांडणारं गाव दुसरीकडे. आणि ‘अशी ही बनवाबनवी’पुढे (१९८८) ‘वाळवी’ (२०२३). दोन्ही चित्रपट एका थापेवर दुसरी थाप रचत जातात. एकात पोट धरून हसायचं, दुसऱ्यात हसल्याची थोडी लाज वाटते. परेश मोकाशींनी प्रेक्षकाला त्या खुनी बेतात भागीदार करून घेतलंय, खरी गंमत ती आहे.

झाले सहा. तीन जुने, तीन नवे.

चरईकर

यादी छान, पण नागराज मंजुळे कुठे आहेत? ‘फँड्री’ आणि ‘सैराट’ वगळून गेल्या पंधरा वर्षांचा मराठी चित्रपट दाखवायचा म्हणजे वांग्याशिवाय भरीत. ‘फँड्री’मधलं ते एकच दृश्य घ्या. डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि जब्याचं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर निसटतं. संवाद नाही, भाषण नाही. ‘कोर्ट’ला यासारखी एकही जागा सुचलेली नाही.

नेरूळचा नाना

‘कोर्ट’ला तशी जागा नकोच आहे. चैतन्य ताम्हाणे कॅमेरा दूर ठेवून तो हलू देत नाहीत, शोधायचं काम तुमच्यावर सोडतात. मंजुळे योग्य क्षणी बोट धरून दाखवतात. दोन वेगळी व्याकरणं आहेत ही. माझी तक्रार ‘सैराट’च्या पूर्वार्धाबद्दल आहे, तो लांबतो.

चरईकर

लांबायलाच हवा. पूर्वार्धातली विहीर, ऊस, अजय-अतुलचा तो भरगच्च वाद्यमेळ, त्या नशेची किंमत पुढे हैदराबादच्या झोपडीत मोजायची असते. पहिल्या तासाभरात कात्री लावलीत तर शेवटाचा घाव अर्धा होईल.

आता तुमच्या गुणांच्या हिशोबाकडे, वाघबीळवाली ताई. सरासरी घेऊ नका. चार जणांनी रागाने शून्य दिलं की सरासरी कोसळते. मध्यक घ्या, म्हणजे सगळे गुण चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला आकडा. शिवाय ‘पाहिलेला नाही’ हा रकाना वेगळा ठेवा. तो नसला की न पाहिलेल्याला लोक पाच देऊन मोकळे होतात, आणि जुने चित्रपट मधल्या गर्दीत अडकतात ते बहुधा त्यामुळेच.

कमी लोकांनी पाहिलेल्या चित्रपटाचा घोळ वेगळा. समजा ‘वास्तुपुरुष’ सहाच जणांनी पाहिलाय आणि सरासरी आली ९.२. दुसरा कुठला तरी तीस जणांनी पाहिलाय, सरासरी ८.४. वर कोण? अशा वेळी प्रत्येक चित्रपटाला दहा काल्पनिक मतं आधीच देऊन टाका, सगळ्या यादीच्या सरासरीइतकी, समजा ७. आता पहिला: सहा मतांचे ५५.२ अधिक ७० भागिले १६, म्हणजे ७.८. दुसरा: २५२ अधिक ७० भागिले ४०, म्हणजे ८.०५. क्रम उलटला. या रीतीत मूठभर भक्तांचं प्रेम यादी पळवत नाही, आणि आणखी लोकांनी पाहून चांगले गुण दिले तर चित्रपट आपसूक वर सरकतो.

फ्रेमबाज

हिशोब बरोबर, पण त्यात ‘वास्तुपुरुष’ खाली गेला याचं वाईट वाटलं. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर या जोडीवर दर वेळी हीच वेळ येते. ‘दोघी’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘अस्तु’, ‘कासव’. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालेले मराठी चित्रपट ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. पाचवा यांचा, तरी सोसायटीच्या यादीत यांचं नाव शेवटी येतं. दिखाऊपणा नाही म्हणून ‘टेलिफिल्मसारखं’ म्हणून सोडून देतात.

त्याच यादीकडे पाहून कुणी पुरस्कारांवरून यादी करायला निघालं तर सांगा, पहिल्या दोघांत पन्नास वर्षांचं अंतर आहे. मधल्या काळात ‘सामना’ झाला, ‘सिंहासन’ झाला. त्यांना काय कमी होतं?

आणि ‘जुनं ते सोनं’वाल्या काकांनाही एक सांगा. जुन्यातलं टाकाऊ कुणी जपून ठेवत नाही, त्यामुळे आपल्यापर्यंत पोचतं ते चाळून. पण चांगलं असूनही गेलेलं पुष्कळ आहे. फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज पूर्ण उपलब्ध नाही. २००३ साली पुण्यातल्या चित्रपट संग्रहालयाच्या आगीत नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणारी जुनी रिळं जळाली, त्यात प्रभात फिल्म कंपनीचीही होती.

वाघबीळवाली

धन्यवाद मंडळी. जोड्यांची कल्पना पसंत पडली. ‘सैराट’साठी मात्र इथेही रेटा आहे. सहाच्या बाहेर सातवा म्हणून गच्चीवर दाखवला तर? आणि हक्कांचं काय? काहींचं म्हणणं आहे की एकाच्या ओटीटी खात्यावरून लावू, तिकीट नाही तर काय फरक पडतो.

रीळ नंबर ७

फरक पडतो. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती बघण्यापुरतं असतं, तिकीट लावा किंवा नका लावू. निर्मात्याकडून किंवा आज ज्याच्याकडे हक्क आहेत त्याच्याकडून लेखी परवानगी घ्या. पत्रात तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षकसंख्या, विनामूल्य आहे हे, आणि प्रत कुठून घेणार ते लिहा. महिनाभर आधी सुरुवात करा, कारण जुन्या चित्रपटांचे हक्क दोन-तीन हात फिरलेले असतात. योग्य माणूस सापडण्यातच वेळ जातो.

चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांचा, म्हणून ‘संत तुकाराम’ केव्हाच खुला झालाय. पण गीतकार-लेखकांचे हक्क वेगळे चालतात, त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं. शिवाय दुरुस्त केलेली प्रत कुणाकडून घेतलीत तर त्यांच्या अटी वेगळ्या. म्हणून त्याचंही विचारूनच घ्या.

फ्रेमबाज

गच्चीवर ‘सैराट’ नको. कारण एक, वेळ. १७४ मिनिटं. उघड्यावर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद म्हणजे बंद. मे महिन्यात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, पडद्यावर धड दिसायला साडेसात. तुमचा शेवट दहाच्या पुढे जाणार. डिसेंबरात सहाच्या सुमाराला मावळतो, पावणेसातला सुरू केलात तर मध्यांतर धरून जेमतेम बसेल. कारण दोन, आणि हे मोठं: शेवट. ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे की तिथे आवाजच काढून घेतलाय. त्या शांततेत घोडबंदरच्या अवजड गाड्यांचे हॉर्न आले तर संपलं. ‘सैराट’ आणि ‘कोर्ट’ बंद खोलीतच, पंखे मंद करून. गच्चीला ‘बनवाबनवी’ द्या. ‘धनंजय माने इथेच राहतात का?’ला जमाव जितका मोठा तितकी मजा, आणि हॉर्नने तिचं काही बिघडत नाही.

क्लबहाऊसचा आवाज. फरशी, काचा, मोकळ्या भिंती म्हणजे घुमणार. शब्द कळत नाहीत म्हणून आवाज वाढवला की आणखी घुमतं. खाली सतरंज्या अंथरा, काचांवर जाड पडदे ओढा, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्यांच्या कानाच्या उंचीला. ब्लूटूथने जोडू नका, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. साधी केबल लावा.

नव्या चित्रपटात संगीत दणक्यात आणि संवाद मात्र पुसट येत असले तर स्पीकरला दोष देण्याआधी लॅपटॉप बघा. आवाज सहा वाहिन्यांत जातोय, संवाद मधल्या वाहिनीत आहेत आणि तुमच्याकडे मधला स्पीकरच नाही. आउटपुट ‘स्टिरिओ’ करा, संवाद दोन्हीकडे वाटले जातात. जुन्या मोनो (एकाच वाहिनीच्या) ध्वनीच्या चित्रपटाला मात्र साउंडबारचं ‘सराउंड’ लावू नका, शब्द पाण्यातून आल्यासारखे येतात.

चरईकर

पडद्याचं राहिलं. १२० इंची म्हणजे २.६६ मीटर रुंद, सुमारे दीड मीटर उंच. त्यात ४:३ चा चित्रपट दोन मीटर रुंदीचाच दिसणार, बाजूंना काळं राहणार. ते तसंच राहू द्या. कुणीतरी उठून ‘झूम’ करायला जाईल, त्याला आवरा.

प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात ‘थ्रो रेशो’ बघा, म्हणजे पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी. तो १.५ असेल तर पडद्यापासून चार मीटरवर ठेवायचा. उंची कमी पडली म्हणून तोंड वर करून कीस्टोनने चित्र चौकोनी करू नका, त्यात बारकावे जातात. टेबल उंच घ्या आणि प्रोजेक्टर सपाट ठेवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून १.२ मीटर, नाहीतर पुढच्यांची डोकी ‘कोर्ट’च्या उपशीर्षकांवर येतील. त्यात मराठीबरोबर हिंदी, गुजराती, इंग्रजीही आहे, उपशीर्षकं लागतातच. शेवटची रांग साडेसात मीटरच्या मागे नेऊ नका.

आणि घरी टीव्हीवर सराव करणार असाल तर मोशन स्मूदिंग, म्हणजे मध्ये कृत्रिम चौकटी घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय, बंद करा. कंपनीगणिक नाव वेगळं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. चालू राहिलं की पिक्चर टीव्हीवरच्या मालिकेसारखा दिसतो.

वाघबीळवाली

ठरलं. डिसेंबर ‘अशी ही बनवाबनवी’ (गच्चीवर), जानेवारी ‘वाळवी’, फेब्रुवारी ‘सामना’, मार्च ‘कोर्ट’, एप्रिल ‘संत तुकाराम’, मे ‘देऊळ’. परवानग्या मिळतील तसा क्रम हलेल. ‘सैराट’ जूनमध्ये, क्लबहाऊसमध्ये, संध्याकाळी सहाला. गुण प्रत्येक खेळानंतर दोन दिवसांनी मागवणार, त्याच रात्री नाही. मध्यक आणि काल्पनिक दहा मतं, दोन्ही करून बघते.

नेरूळचा नाना

‘संत तुकाराम’ एप्रिलपर्यंत मागे ठेवलात ते बरं केलंत. ‘सामना’-‘कोर्ट’ पाहिल्यावर लोकांची नजर जरा स्थिरावलेली असेल.

मार्चसाठी एक सांगून ठेवतो. ‘कोर्ट’मध्ये शेवटाकडे न्यायालय रिकामं होतं, दिवे मालवले जातात आणि पडदा काळा राहतो. नेमक्या त्याच वेळी कुणीतरी संपलं समजून ट्यूबलाइट लावतो, खुर्च्या सरकायला लागतात, आणि न्यायाधीशाच्या सुट्टीचा शेवटचा भाग अर्ध्या लोकांच्या पाठीमागे होतो. त्या रात्री बटणांपाशी चित्रपट आधी पाहिलेला माणूस बसवा.